उकंडरावांचं शिळं पान

शेळी पाळणं आणि वेबसाइट पाळणं यांत फरक एवढाच, की शेळीला काही झालं तर ती ओरडून सांगते. हे वाक्य माझं नाही, मसाजीचं आहे. मसाजी आमचा शेजारी. त्याच्याकडे शेळ्या-मेंढ्यांचा मोठा कळप आहे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल एक मत आहे. दोन्ही तो रोज सकाळी आमच्याच अंगणातून हाकत नेतो.

वेबसाइट म्हणजे ‘लिंबदरी विकी’. लिंबदरी हे आमचं गाव. कळमनुरीहून आखाडा बाळापूरकडे जाताना डुलकी लागली तर ते दिसत नाही, आणि नाही लागली तरी फारसं दिसत नाही. निवृत्तीनंतर माणसाने एखादा निरुपद्रवी छंद लावून घ्यावा असं म्हणतात, म्हणून मी हे विकी सुरू केलं. विकी म्हणजे कुणीही येऊन लिहावं आणि कुणीही येऊन खोडावं अशी जागा. एसटी थांब्याची भिंत वर्षानुवर्षं याच तत्त्वावर चालत आली आहे, पण तिला सर्व्हर लागत नाही.

सुरुवातीला सगळं खरोखरच निरुपद्रवी होतं. शेतांची जुनी नावं, आटलेल्या विहिरी, शेळीचं पोट फुगल्यावर काय पाजावं याविषयी मसाजीचे विचार. मग लोकांनी आपापली घराणी लिहायला घेतली. मुलगी कुठे दिली, सून कुठून आणली, आजीचं माहेर कोणतं. आणि एके दिवशी पंचक्रोशीला शोध लागला, की सोयरीक जमवण्याआधी चौकशीला माणूस पाठवायची गरज उरलेली नाही. पूर्वी असा एखादा पोक्त माणूस पाठवावा लागे. त्याला चहा होई, जेवण होई, आणि तो ज्या घरी जेवला त्या घराविषयी परत येऊन चांगलंच सांगे. विकी जेवत नाही. त्यामुळे त्याच्यावर लोकांचा विश्वास बसला.

तुळशीचं लग्न लागलं आणि सगळा तालुका एकदम विकीवर तुटून पडला. पान उघडायला इतका वेळ लागू लागला, की ते उघडेपर्यंत सांगून आलेलं स्थळ दुसरीकडे जमून जाई. आमची वेबसाइट तेव्हा शेअर्ड होस्टिंगवर होती. शेअर्ड होस्टिंग म्हणजे बाळापूरच्या थांब्यावरची काळीपिवळी जीप. जागा आहे म्हणून बसवतात, आणि बसल्यावर कळतं की आपल्या मांडीवर कुणाचं तरी पोतं आहे. आमच्या शेजारच्या सीटवर कुठलंसं साड्यांचं दुकान होतं. त्यांचा सेल लागला की लिंबदरी मागे शिडीला लटके.

दुसरी जागा बघायला हवी, असं मी एकदा पारावर बोलून गेलो. बोलायला नको होतं. आमच्या गावात सल्ला मागावा लागत नाही. फक्त अडचण आहे एवढं कळलं की पुरतं.

मसाजीचं म्हणणं पडलं, की स्वतःचा कॉम्प्युटर घरातच मांडावा. “दुसऱ्याच्या गोठ्यात आपली शेळी काहून बांधता, नाना? त्यो पिळून घेईल आन् म्हणंल आटली.” हे मला पटलं. मुलाचा जुना कॉम्प्युटर मी देवघरात मांडला, कारण इन्व्हर्टरची वायर तिथपर्यंतच पोचत होती. यात एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. देवाजवळ एवढी घरघर बरी नाही म्हणून आमच्या सौभाग्यवती द्वारकाबाई रोज सांजवात लावताना बटण बंद करीत आणि सकाळी पूजेनंतर चालू करीत. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही. मी रोज संध्याकाळी केबल तपासत बसे. बाहेरगावच्या लोकांनी मात्र बिनतक्रार समजून घेतलं, की लिंबदरीचं विकी दिवेलागणीनंतर कुणाविषयी बोलत नाही. यामुळे गावाची इज्जत थोडी वाढलीच.

मग उकंडरावांनी मनावर घेतलं. उकंडराव म्हणजे आमचे माजी सरपंच. गावातला सर्वांत मोठा बागायतदार आणि सर्वांत मोठा आवाज. ते म्हणाले, ग्रामपंचायतीत फायबरची लाइन आहे, छतावर सोलर आहे, आणि दोन्ही कुणी वापरत नाही. सर्व्हर तिथे ठेवा. मी अर्ज केला. आमच्या ग्रामसेवकाकडे तीन गावांचा कारभार आहे, त्यामुळे तो नेहमी उरलेल्या दोन गावांत असतो. सापडला तेव्हा त्याने अर्ज शांतपणे वाचला आणि विचारलं, सर्व्हर निवासी धरायचा की व्यापारी? मी म्हणालो, तो नुसता एक डबा आहे. तो म्हणाला, डबा असला तरी कायम मुक्कामी आहे ना, मग त्याला रहिवासी दाखला लागेल. रहिवासी दाखल्याला शौचालय वापराचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. सर्व्हर नियमितपणे शौचालय वापरतो असं लिहून देण्याइतका मी अजून खालावलो नव्हतो. मी अर्ज मागे घेतला. मागे घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला.

अशा रीतीने मी हिंगोलीच्या हिरासिंगपर्यंत पोचलो. हिरासिंग लग्नाचं शूटिंग करतो, दुकानांत कॅमेरे बसवतो, आणि मधल्या वेळात वेबसाइटी उभ्या करतो. त्याने सांगितलं की आता आपला स्वतंत्र सर्व्हर भाड्याने घ्यायचा. सिंगापूरला घ्यायचा की मुंबईला, एवढंच ठरवा. हा प्रश्न मी घरी नेला, ही आणखी एक चूक. आठवडाभर अंगणात सिंगापूर विरुद्ध मुंबई चाललं. सिंगापूरला लोडशेडिंग नसतं असं एका पक्षाचं म्हणणं होतं. शेवटी द्वारकाबाईंनी निकाल दिला. “तिथं काही बिघडलं तर जाणार कोण? तुमाला हिंगोलीहून येताना शेवटची गाडी गाठता येत न्हाई.” मुंबई ठरली.

मग हिरासिंग म्हणाला, कॅशिंगही लावून टाकू. “अंकल, शादी में हर मेहमान के वास्ते अलग रोटी नहीं बेलते ना? पहले से थप्पी लगाके रखते.” म्हणजे असं, की बाहेरून पहिला माणूस एखादं पान उघडील तेव्हा सर्व्हर ते ताजं करून वाढील आणि त्याची एक प्रत थप्पीला ठेवील. पुढच्या सगळ्यांना तीच प्रत. सर्व्हरला दम मिळतो, पान झटकन उघडतं. ज्यांची विकीवर नावनोंदणी आहे, म्हणजे जे लिहितात-खोडतात, त्यांना तेवढं नेहमी ताजं. मला ही व्यवस्था फार सभ्य वाटली. आपल्याकडेही आधी घरातल्यांना गरम वाढतातच.

थप्पी किती दिवस ठेवायची, असं त्याने विचारलं. तो स्वतः दहा मिनिटं म्हणत होता. मी हसलो. लिंबदरीत दहा मिनिटांत काय बदलतं? एसटी थांब्याचं छप्पर वाऱ्याने उडालं, त्यालाच आता एक पिढी होत आली आणि ते अजून ‘नुकतंच’ उडालेलं आहे. मी म्हणालो, महिनाभर ठेव. पान बदललं की थप्पीतली जुनी प्रत आपोआप फेकून देण्याचीही एक सोय असते, ती जोडू का, असं तो म्हणत होता. पण त्याला पुढच्या लग्नाला पोचायचं होतं आणि मला शेवटची गाडी गाठायची होती. राहू दे, म्हणालो. पासवर्ड त्याच्याकडेच राहिला. आणि गाडीही चुकलीच.

त्याच दिवशी गावात उकंडराव मेले.

म्हणजे त्याचं असं झालं. उकंडरावांची नात शिवकन्या हिचं जवळा बाजारच्या एका घरी जमलं होतं. मुलगा राम, आपल्या शेतावर असतो, सरळ माणूस. येत्या रविवारी सुपारी फोडायची होती. आता सुपारी कुणी फोडायची हा आमच्याकडे सुपारीपेक्षा कठीण प्रश्न असतो. उकंडरावांचा पुतण्या विजयकुमार धरून चालला होता की मान त्याचा. उकंडरावांनी तो जावयाला दिला. विजयकुमार भर पारावर उभा राहून म्हणाला, “आजपासून काका आमाला मेले.”

असं आमच्या भावकीत अधूनमधून कुणी ना कुणी मरतंच. त्याला चार-सहा महिन्यांनी, एखाद्या बारशाला, आपोआप जीव येतो. पण विजयकुमार शब्दाचा पक्का. गावात जे घडेल ते विकीवर नोंदवत चला, असं मीच सगळ्यांना सांगत फिरलो होतो. त्याने तिथेच मोबाईल काढला आणि काकांच्या पानावर नावाआधी ‘कैलासवासी’ लिहून तारीखही घातली.

मी हिंगोलीहून परतल्यावर मला हे कळलं. मी तडक त्याच्या घरी गेलो, आणि जिवंत माणसाला मारण्यासाठी विकीवर संदर्भ द्यावा लागतो, असा एक नियम जागच्या जागी तयार करून त्याला सुनावला. त्याने कुरकुरत, माझ्यादेखत तो शब्द खोडला. मी माझ्या मोबाईलवर पाहिलं. उकंडराव जिवंत होते. एका माणसाला परत आणल्याच्या समाधानात मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दोन दिवसांनी सकाळी कळमनुरीकडून एक जीप आली आणि गावाच्या तोंडाशीच तिच्यातून हेल काढून रडणं सुरू झालं. जीप उकंडरावांच्या दारात थांबली तेव्हा उकंडराव ओट्यावर बसून दाढी करीत होते. अर्ध्या तोंडाला फेस. त्यांच्या चुलत बहिणी, भाच्या, साडूची माणसं, सगळी रडत उतरली आणि मयताच्या समोर येऊन उभी राहिली. हेल काढून सुरू केलेलं रडणं एकदम थांबवता येत नाही; त्यालाही उतार लागतो. ते उतरेपर्यंत उकंडराव वस्तरा हातात धरून बघत होते. आपल्यात कोण गेलं, असं त्यांनी विचारलं.

मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पाहुण्यांनी रीतीप्रमाणे पिठलं-भाकरी बांधून आणली होती, आणि सुतकी मुलासाठी टॉवेल-टोपी. आणलंच हाय तर, म्हणून उकंडराव स्वतःच्या दुखवट्याचं पिठलं जेवले. त्यात मीठ कमी आहे असंही म्हणाले. टोपी त्यांनाच बसली.

मला बोलावणं आलं. मी मोबाईल उघडून सर्वांना दाखवलं की पानावर असं काहीही नाही, लोक चष्मा न लावता वाचतात. त्यांनी आपले मोबाईल पुढे केले. एकाच पानावर, एकाच वेळी, माझ्या मोबाईलमध्ये उकंडराव धडधाकट होते आणि कळमनुरीच्या सगळ्या मोबाईलमध्ये कैलासवासी. मला हिरासिंगची थप्पी आठवली. विजयकुमारने लिहिल्यावर आणि मी ते खोडवण्याआधी, मधल्या वेळात कुणी तरी बाहेरून ते पान उघडलं होतं. ती प्रत थप्पीला गेली होती. आता घरातल्यांसाठी उकंडराव ताजे होते आणि बाकी जगासाठी महिनाभर शिळे.

ते पान कुणी उघडलं होतं, हे दुपारी कळलं. रामची आजी अनुसयाबाई, जवळा बाजारहून. सुपारीआधी घराणं एकदा नीट बघून घ्यावं म्हणून त्यांनी नातवाकडून पान उघडून घेतलं होतं. मयत लपवून, सुतकात सोयरीक उरकून घेतात, असा त्यांचा समज झाला आणि सुपारी थांबवल्याचा निरोप त्यांनी पाठवला. उकंडरावांनी फोन लावला आणि आमच्या सगळ्यांसमोर स्पीकरवर ठेवला. मी बोलतोय, असं ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, म्हणजे फोन नसता तरी जवळा बाजारला ऐकू गेलं असतं.

“उकंडराव,” तिकडून शांतपणे उत्तर आलं, “तुमी जिते हाव, ते मला कळून राहिलं. पण माझ्या भावकीत मी काय तुमचा आवाज वाटत फिरू? तिथं तुमच्या नावाम्होरं कैलासवासी दिसून राहिलं. मेलेल्या आज्याच्या मांडवात सुपारी फोडली म्हणतील लोकं. आधी तिथं जिते व्हा. मंग सुपारी.”

मसाजीने सुचवलं की उकंडरावांनी जवळा बाजारला जाऊन स्वतःला दाखवून यावं. उकंडराव इतके भडकले की आणखी थोडं झालं असतं तर विकी खरं ठरलं असतं. मुलीकडचे झालो म्हणून काय जिता हाय सांगायला त्यांच्या दारात उभा राहू, असं ते म्हणाले.

संध्याकाळी शिवकन्या आमच्याकडे आली. ही पोरगी एरवी सतत हसते. चहा नको म्हणाली आणि दाराशीच उभी राहिली. “नानाआजा, मला तेच घर पायजे. मी मनातून हो म्हणलेली हाये. ते तुमच्या मशीनपायी जाऊन राहिलं.” एवढं बोलून ती गेली. द्वारकाबाईंनी माझा मोबाईल आणून माझ्या हातात ठेवला.

मी हिरासिंगला फोन लावायला सुरुवात केली. तो वसमतकडे एका लग्नात ड्रोन उडवत होता आणि त्याचा फोन त्याच्या मेव्हण्याकडे होता. मेव्हणा कॅमेऱ्याचं काम बघे. तो मला दर वेळी विचारी, रात्रीचं फुटेज पाहिजे का? मी त्याला थप्पी समजावून सांगितली. तो म्हणाला, केटरिंगचा नंबर वेगळा आहे. इकडे कैलासवासी माजी सरपंच दाढी करतात ही बातमी पसरली, आणि ज्यांनी विकीचं नावही ऐकलं नव्हतं तेही पान उघडून बघू लागले. उकंडराव मेल्यावर जितके वाचले गेले तितके सरपंच असतानाही कधी वाचले गेले नव्हते. काम नक्की होईल, असं मी जवळा बाजारला कळवलं होतं. कशाच्या जोरावर, ते मला विचारू नका. आमी येतो, पण आधी बघू आन् मंगच मांडवात हात धुऊ, असा अनुसयाबाईंचा निरोप आला.

रविवारी मांडव भरला आणि हिरासिंगचा फोन लागला. सगळं ऐकून तो म्हणाला, “मैं बोला था ना अंकल, दस मिनट.” माझ्या वयाच्या माणसाला कुणीही असं म्हणू नये, विशेषतः ते खरं असताना. मी म्हणालो, फेकून दे थप्पी. कौनसी, त्याने विचारलं. मी म्हणालो, सगळी. त्याने फेकली.

मी विजयी चेहऱ्याने मांडवात आलो आणि पाहुण्यांना सांगितलं, आता बघा. सबंध मांडवाने एकदम मोबाईल काढले. त्याच वेळी कळमनुरी बघत होती, बाळापूर बघत होतं, साडूकडचे बघत होते. थप्पीत एक भाकरी शिल्लक नव्हती आणि पंगत मात्र अख्ख्या तालुक्याची. मुंबईतल्या सर्व्हरने थोडा वेळ कळ काढली असेल. मग तो बसला. प्रत्येक मोबाईलवर पांढरं स्वच्छ पान आलं. त्यावर उकंडराव मेलेले नव्हते आणि जिवंतही नव्हते. त्यावर लिंबदरीच नव्हती.

अनुसयाबाईंनी मोबाईल मांडीवर पालथा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. “आता, नाना?”

माझ्याकडे त्यावर एक तांत्रिक खुलासा होता. तो मी गिळला. शिवकन्या आतल्या दारात हिरवी साडी नेसून उभी होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. ती मांडवाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ, जेवणापुरता आलेल्या विजयकुमारकडे बघत होती. नुसती बघत होती. ही लहान असताना त्यानेच तिला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलेलं सगळ्या गावाला माहीत आहे.

विजयकुमारने हातातला पेला खाली ठेवला. मांडवाच्या मध्यात आला.

“ते मीच लिव्हलं होतं,” तो अनुसयाबाईंना म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “सुपारीचा मान न्हाई भेटला म्हणून माझ्यासाठी मेले होते. म्हाताऱ्याला काही धाड भरलेली न्हाई. मी चुकलो.” आणि तो वाकून काकांच्या पाया पडला.

उकंडरावांनी त्याला जरा जास्तच वेळ वाकलेला ठेवला. “मेलेल्याच्या पाया पडायला समदे येतात,” ते म्हणाले. “जित्याच्या पडताना लई तकलीफ झाली रे तुला. ऊठ.” मग त्यांनी जावयासमोरचं सुपारीचं तबक उचलून पुतण्याच्या हातात दिलं. “फोड. आन् आता लिव्हायचं आसलं तर इचारून लिव्ह.”

जावयाचं तोंड उतरलं. त्यांना दुखवट्यातली ती नवी टोपी चढवण्यात आली, तेव्हा कुठे ते शांत बसले.

अनुसयाबाईंनी मागे वळून आपल्या भावकीवरून नजर फिरवली. ऐकलं का समद्यांनी, असं विचारलं. समद्यांनी ऐकलं होतं. इतकं स्पष्ट तर विकीवरही लिहिता आलं नसतं. सुपारी फुटली. पंगतीची हाक आली, लोकांनी मोबाईल खिशात घातले, आणि गर्दी हटताच मुंबईतला सर्व्हर कुणीही हात न लावता आपोआप उठून बसला. उकंडराव सगळ्या जगात एकसारखे जिवंत झाले. ते बघायला मात्र कुणीच नव्हतं. सगळे जेवत होते.

पाहुणे निघायच्या वेळी अनुसयाबाई माझ्याजवळ आल्या. राम आणि शिवकन्येची सोयरीक विकीवर चढवली का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आत्ताच चढवली. त्यांनी मोबाईल स्वतः उघडून, चष्मा पुसून, दोन्ही नावं वाचून पाहिली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “ते तुमचं महिनाभर न हालणारं हाये ना, ते आता लावा. सुपारी फुटली. आता कुणाला काही बदलायचं काम न्हाई.”

मी हिरासिंगला फोन केला. या एका पानाची थप्पी वर्षभराची ठेव, म्हणालो. “अंकल, इतना कोई नहीं रखता,” तो म्हणाला, “दस मिनट बहुत है.” मी म्हणालो, बाबा रे, तू अनुसयाबाईंना भेटलेला नाहीस.